पाचशे फॉर्म भरून घेण्याआधी

चितेगाव, ता. पैठण

चि. भाचीस,


तुझं सिनॉप्सिस आणि सोबतची गूगल फॉर्मची लिंक, दोन्ही मिळालं. फॉर्म मी भरला नाही, कारण मी आता कुठल्याच कंपनीत नाही. वाचला मात्र शेवटच्या प्रश्नापर्यंत. 'एआय साधनामुळे तुमचं काम लवकर होतं असं तुम्हाला वाटतं का?' आणि खाली एक ते पाच गोळे. बाकीचे बहुतेक प्रश्न याच घरातले. तू लिहितेस की आरआरसीपुढे, म्हणजे संशोधन मान्यता समितीपुढे, उभं राहायच्या आत पाचशे प्रतिसाद हवेत, म्हणजे नमुना लहान आहे असं कुणी म्हणणार नाही. मैत्रिणी पुण्या-बंगळुरूच्या ग्रुपांवर लिंक फिरवताहेत, हेही कळलं. पीएचडीची प्रवेश परीक्षा, पेट, पास होऊन तू विद्यापीठात संशोधनाला लागलीस याचा मला किती आनंद आहे ते ताईला विचार. म्हणूनच हे पत्र जरा लांबणार आहे. पेरण्या उरकल्यात, वेळ आहे.

तुझ्या फॉर्मवर बोलण्याआधी एक अभ्यास सांगतो. तो तुझ्याच विषयावरचा आहे, आणि तुझ्या संदर्भांच्या यादीत नाही याचं मला नवल वाटलं. 2025 च्या पूर्वार्धात मेटर नावाच्या अमेरिकन संस्थेने 16 अनुभवी प्रोग्रामर घेतले. हे लोक मोठमोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांवर वर्षानुवर्षं काम करणारे होते, स्वतःच्या घराइतकी त्या कोडची माहिती असलेले. त्यांनी आपापल्या प्रकल्पातली खरीखुरी, करायचीच असलेली कामं यादी करून दिली. अशी 246 कामं झाली. मग प्रत्येक कामासाठी चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं गेलं की हे काम एआय वापरून करायचं की न वापरता. सुरुवातीला त्या लोकांना विचारलं, एआयमुळे किती वेळ वाचेल? ते म्हणाले, सुमारे 24 टक्के. सगळं संपल्यावर पुन्हा विचारलं, किती वाचला? म्हणाले, 20 टक्के. नोंदी मोजल्या तर एआय वापरलेल्या कामांना 19 टक्के वेळ जास्त लागला होता.

आता तुझा फॉर्म या सोळा जणांना पाठवला असता तर काय झालं असतं ते बघ. बहुतेकांनी चौथा नाही तर पाचवा गोळा भरला असता. ते खोटं बोलले नसते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. तू पाचशेंना विचार, पाच हजारांना विचार, उत्तर तेच येईल, फक्त दशांश चिन्हापुढचे आकडे स्थिर होतील. तुझ्या फॉर्मने 'लोकांना काय वाटतं' ते मोजलं जातं, आणि तोही एक चांगला विषय आहे. पण सिनॉप्सिसच्या मथळ्यात तू 'उत्पादकतेवर परिणाम' असं लिहिलं आहेस.

लगेच उलट टोकाला जाऊ नकोस. 'एआयने काम मंदावतं' असं या अभ्यासाने सिद्ध झालं, असं कुणी व्हायवात म्हणालं तर त्यालाही अडव. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि गिटहबच्या संशोधकांनी, एमआयटीतल्या एकाला सोबत घेऊन, 95 फ्रीलान्स प्रोग्रामरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला होता. सगळ्यांना एकच काम दिलं: जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा वेब सर्व्हर लिहायचा. निम्म्यांना गिटहबचं कोपायलट हे एआय साधन, निम्म्यांना नाही. कोपायलटवाल्यांचं काम 55.8 टक्के लवकर आटोपलं. साधन विकणाऱ्यांनीच केलेला अभ्यास म्हणून तो बाजूला सारायची घाई लोक करतात. मी करत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते, वेळ घड्याळाने मोजला होता. मग एकीकडे निम्म्याहून जास्त बचत आणि दुसरीकडे 19 टक्के तोटा, हे दोन्ही खरं कसं? एकात कोऱ्या पानावरून लिहायचं ठरावीक छोटं काम होतं, दुसऱ्यात लाखो ओळींच्या जुन्या कोडमध्ये शिरून, त्या प्रकल्पाच्या शिस्तीत बसेल अशी दुरुस्ती करायची होती. माणसं वेगळी, काम वेगळं, साधनाची पिढीसुद्धा वेगळी. 'एआयचा उत्पादकतेवर परिणाम' या शब्दांत यातलं काहीच सांगितलेलं नाही. कुणाची, कसल्या कामात, कशाच्या तुलनेत आणि कशाने मोजलेली, ही चार ठिकाणं भरल्याशिवाय तो प्रश्नच होत नाही, आणि प्रश्न नसताना पद्धत कशी निवडायची?

पद्धत आधी ठरवून मग प्रश्न शोधायचा, हा रोग तुझा एकटीचा नाही. गूगल फॉर्म फुकट असतो, गिटहबवरची माहिती फुकट असते. म्हणून अर्धे प्रबंध तिथेच जन्माला येतात.

नमुना मोठा केला की चूक आपोआप धुऊन निघते, या समजाबद्दल मला तुला आपल्याच मुलखातल्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, मग लंडनला जाऊन नेमन आणि पिअरसन यांच्या हाताखाली सांख्यिकी शिकून आले. चाळीसच्या दशकात दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांच्यासमोर प्रश्न होता: देशात गहू-भात किती पिकतो हे कसं मोजायचं? सगळी शेतं कापून वजन करणं अशक्य. तेव्हा शेतात एक लहानसा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून हिशेब मांडायचा.

तुकडा केवढा घ्यायचा यावरून मोठा वाद झाला. बंगालमध्ये सांख्यिकीतज्ज्ञ महालनोबिसांची संस्था अगदी लहान तुकडे घेत असे. काही फूट त्रिज्येचं वर्तुळ आखायचं, काम झटपट, खर्च कमी, म्हणजे त्याच पैशात जास्त तुकडे. सांख्यिकीच्या पुस्तकी हिशेबाने ते चोख होतं. सुखात्मेंनी एकाच शेतात लहान आणि मोठे तुकडे दोन्ही कापून बघितले, आणि 1946 मध्ये 'नेचर'मध्ये छापलं की लहान तुकड्यावरून काढलेलं उत्पन्न सतत जास्त भरतं. कारण सांख्यिकीत नव्हतं, शेतात होतं. तुकड्याच्या कडेवर जी रोपं येतात ती आत धरायची की बाहेर, हे कापणारा माणूस ठरवतो. हात आपसूक आत घेण्याकडे जातो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड जास्त, म्हणून फुगवटाही जास्त. असे लहान तुकडे हजार घेतले तरी प्रत्येक तुकडा त्याच बाजूला खोटं सांगणार. हजारांची सरासरी मोठ्या आत्मविश्वासाने चुकणार.

पीक कापणी प्रयोग आपल्याकडे अजून होतो, तुला माहीत आहे. पीक विम्याच्या दिवसांत तलाठी, कृषी सहायक, विमा कंपनीचा माणूस शेतात येतात, दोरी-खुंट्या लावून चौकोन आखतात. कुठल्या गटात आणि शेताच्या कुठल्या ठिकाणी तो आखायचा हे आधीच यादृच्छिक आकड्यांवरून ठरलेलं असतं. 'साहेब, तिकडं चांगलं आहे' किंवा 'इकडं बघा काय हाल झालेत' असं म्हणायला जागाच ठेवलेली नाही. एकदा कापणीच्या वेळी जाऊन बांधावर उभी राहा. संशोधन पद्धतीवरच्या एका अख्ख्या पाठापेक्षा जास्त कळेल, विशेषतः खुंटी ठोकताना चालणारी कुजबुज ऐकलीस तर.

तुझ्या फॉर्मची कड कुठे आहे? लिंक मैत्रिणींच्या ग्रुपांवर फिरते आहे. भरणार कोण? ज्याला एआयची हौस आहे तो. ज्याला राग आहे तोही भरेल. ज्याच्याकडे शुक्रवारी रिलीज आहे आणि जो दिवसभर कुणाच्या तरी कोडमधली गाठ सोडवत बसला आहे, तो ती लिंक उघडणारसुद्धा नाही. नेमका तोच तुला हवा आहे.

मोठ्या आकड्यांनी संगणकवाल्यांचीच कशी फजिती केली तेही ऐक. 2014 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी गिटहबवरचे 729 प्रकल्प घेतले, 17 प्रोग्रामिंग भाषा, आठ कोटी ओळींचा कोड, पंधरा लाख कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी. प्रश्न असा: भाषेचा आणि चुकांचा संबंध आहे का? अकरा भाषांच्या बाबतीत संबंध दिसला. लेख खूप गाजला. 'अमक्या भाषेत बग कमी' म्हणून लोक भांडताना तोच पुढे करत. पाच वर्षांनी, 2019 मध्ये, यान विटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. अकरांतल्या चारच भाषा उरल्या, आणि त्यांचाही परिणाम इतका बारीक की व्यवहारात त्याचा उपयोग नाही.

हे कसं झालं, ते फार वाचण्यासारखं आहे. फायलीच्या नावाच्या शेपटीवरून भाषा ओळखली होती. 'डॉट टीएस' म्हणजे टाइपस्क्रिप्ट. पण टाइपस्क्रिप्ट बाहेर आली 2012 च्या ऑक्टोबरात, आणि माहितीत त्याआधीच्याही टाइपस्क्रिप्ट कमिट होत्या! उघडून बघितल्यावर कळलं की त्या भाषांतराच्या फायली होत्या, प्रोग्राम नव्हतेच. जावास्क्रिप्ट चालवणारं व्हीएट इंजिन तर मुळात सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं, पण त्याच्या फायलींची शेपटी यादीत नसल्याने ते जावास्क्रिप्टच्या खात्यात गेलं. आणि 'चूक दुरुस्त केलेली कमिट' कशी ओळखायची, तर संदेशात 'बग', 'फिक्स', 'एरर' असे शब्द शोधून. तपासणाऱ्यांनी दहा स्वतंत्र डेव्हलपरांना नमुन्यादाखल कमिट वाचायला बसवलं, तेव्हा दुरुस्ती म्हणून नोंदलेल्यांतल्या सुमारे 36 टक्के कमिट दुरुस्ती नव्हत्याच.

पंधरा लाख कमिटची छाननी यंत्राने केली, पण त्यातल्या काहीशे कुणी डोळ्यांनी वाचल्या असत्या तर हे पहिल्याच आठवड्यात दिसलं असतं. मूळ लेखकांना मी दोष देत नाही. त्यांनी आपली माहिती दुसऱ्यांना दिली, म्हणून तर चूक सापडली. आपल्याकडे किती प्रबंधांची माहिती कुणाला तपासायला मिळते?

मी पैठण रोडवरच्या टीव्हीच्या कारखान्यात क्यूसीत होतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तिथे मोजमाप सोपं होतं असं नाही, पण त्याला अर्थ होता. लाईनवरून उतरणारा प्रत्येक संच आधीच्या संचासारखाच असायला हवा. लॉटमधून ठरावीक संख्येने संच उचलायचे, तपासायचे, इतके नापास निघाले की सगळा लॉट परत. पुढे पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेलो तेव्हा सगळे हेच शब्द वापरत होते, 'डिफेक्ट', 'रिजेक्शन', 'प्रोसेस', पण लॉट कुठेच नव्हता. एक प्रोग्राम एकदाच लिहिला जातो. दुसरा त्याच्यासारखा असेल तर लिहायचा कशाला, कॉपी करतील. कारखान्यातली सांख्यिकी उचलून सॉफ्टवेअरवर ठेवणाऱ्यांची एक पिढी त्यात गेली. हजार ओळींमागे किती चुका, हा आकडा एका प्रकल्पाचा दुसऱ्याशी लावून बढत्या ठरल्या. ओळी मोजल्या की लोक ओळी वाढवतात. यावर जास्त लिहीत नाही, तुला नोकरीत कळेलच.

सॉफ्टवेअर मोजण्याचं काम नीट कुणी केलं असेल तर नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग लॅबोरेटरीने. 1976 मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या व्हिक्टर बॅसिली यांनी नासा आणि एका कंत्राटदार कंपनीबरोबर ती सुरू केली आणि सुमारे पंचवीस वर्षं चालवली. एकाच संस्थेतले, एकाच प्रकारचे, उपग्रहांना लागणारे प्रोग्राम. जगातल्या सगळ्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायचा हट्ट नाही. आपल्याकडे कुठल्या चुका होतात, कुठली तपासणी त्या पकडते, पुढच्या प्रकल्पात काय बदलायचं, एवढंच. बॅसिलींनी त्यातून एक शिस्त घालून दिली: आधी हेतू, हेतूतून प्रश्न, प्रश्नातून मोजमाप. तुझ्या सिनॉप्सिसच्या तिसऱ्या पानावरची मापांची यादी मला दाखव आणि प्रत्येक मापासमोर ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते लिही. निम्म्यांसमोर तुला काही लिहिता येणार नाही. ती खोड.

तू विचारशील, मामा, मग मी करू काय? माझ्याकडे नासा नाही आणि मेटरसारखे पैसेही नाहीत.

पैसे नसताना काय करता येतं त्याचा मला आवडणारा दाखला जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांचा, 1986 चा. त्या काळी विमान-रेल्वेसारख्या धोक्याच्या जागी एक युक्ती फार मान्य होती: एकच प्रोग्राम वेगवेगळ्या गटांकडून स्वतंत्रपणे लिहून घ्यायचा आणि चालवताना बहुमताने उत्तर घ्यायचं. सगळे वेगवेगळ्या ठिकाणी चुकतील, म्हणून बहुमत चुकणार नाही, हा त्यामागचा भरवसा. फारसं कुणी तपासलं नव्हतं. नाइट आणि लेव्हसन यांनी व्हर्जिनिया आणि अर्व्हाइन इथल्या विद्यार्थ्यांकडून एकाच कामाचे 27 प्रोग्राम लिहून घेतले, एकमेकांशी न बोलता. प्रत्येकावर दहा लाख चाचण्या चालवल्या. एकेकटे घेतले तर प्रोग्राम चांगलेच होते. पण एकाच चाचणीवर एकाहून जास्त प्रोग्राम चुकले अशा 1,255 जागा सापडल्या. चुका खरंच स्वतंत्र असत्या तर एवढ्या सापडल्याच नसत्या. जिथे प्रश्नच अवघड होता तिथे वेगवेगळी माणसं एकत्रच अडखळली.

यात बघण्यासारखं असं की 'विद्यार्थ्यांवरचा प्रयोग, त्याला काय किंमत' हा नेहमीचा आक्षेप इथे फारसा लागू पडत नाही. त्यांना 'प्रोग्रामर सरासरी किती चुका करतात' हे सांगायचंच नव्हतं. स्वतंत्र लिहिलं की चुका स्वतंत्र, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं वाक्य खरं आहे का, एवढंच विचारायचं होतं, आणि ते वाक्य मोडायला विद्यार्थी पुरले. विद्यापीठात तुझ्याभोवती एमसीएची मुलं आहेत. त्यांना पाच वर्षांचा अनुभव असलेले डेव्हलपर समजून त्यांच्यावरून उद्योगाबद्दल निष्कर्ष काढलास तर मीच पहिला हसेन. पण एआयने दिलेल्या कोडमधली मुद्दाम पेरलेली चूक, शिकणाऱ्याला स्वतःच्या कोडमधल्या चुकीइतकी लवकर दिसते का, असा प्रश्न घेतलास तर हीच मुलं योग्य माणसं आहेत. शिकणाऱ्यांबद्दलचा प्रश्न आणि शिकणाऱ्यांवर प्रयोग. गट पाडताना हुशार मुलं एकीकडे जाऊ देऊ नकोस, चिठ्ठ्या टाक. आणि त्यातले कुणी तुझ्या गाइडच्या वर्गात असतील तर नीट सांभाळ. सरांनी 'येताय ना?' म्हटल्यावर आलेला विद्यार्थी स्वखुशीने आला असं लिहिता येत नाही. भाग घेण्या-न घेण्याचा गुणांशी संबंध नाही हे सरांच्या नव्हे, तुझ्या तोंडून आणि लेखी कळू दे.

दुसरी वाट मोजण्याची नाहीच. एका टीमजवळ जाऊन बसायचं. मला वाटतं तुझा स्वभाव त्यालाच जास्त साजेसा आहे, पण आपल्या विभागांत त्याला संशोधन मानायची पद्धत नाही, 'आकडे कुठेत?' म्हणतात. 2009 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या रुनेसन आणि ह्योस्ट यांनी सॉफ्टवेअरमधल्या केस स्टडीचे नियम नीट लिहून ठेवले आहेत, ते आरआरसीच्या टेबलावर ठेव. एकाच घटनेकडे तीन वाटांनी बघायचं: मुलाखत, तिकिटांच्या आणि कमिटच्या नोंदी, आणि स्वतः पाहिलेलं. तिन्ही एकच सांगत असतील तर ठीक. सांगत नसतील तर तिथे खणायचं. माणूस म्हणतो, 'आम्ही प्रत्येक कोडचा रिव्ह्यू करतो.' नोंद सांगते की मंजुरी दोन मिनिटांत मिळाली. शेजारी बसलेल्या तुला दिसतं की त्यांनी आधीच चहाच्या टपरीवर सगळं बोलून घेतलं होतं. यातलं एकच कुठलंही घेतलं असतंस तर चुकली असतीस.

आणि सॉफ्टवेअरचा अभ्यास म्हणजे फक्त प्रोग्रामरचा अभ्यास, असं कुणी सांगितलं? ई-पीक पाहणीचं अॅप बघ. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करायची, शेतात उभं राहून फोटो काढायचा, अशी सोय झाली. आधी ते काम तलाठ्याचं होतं. आपल्या पैठण तालुक्यात कापूस, तूर, मोसंबी. कुणाची जमीन तीन भावांच्या नावावर, कुणाची वाट्याने दिलेली. फोन कुणाच्या हातात असतो? नोंद मालक करतो, मुलगा करतो की गावातला एखादा जाणता पोरगा दहा जणांची करून देतो? आंतरपीक असेल तर पहिलं पीक कुठलं लिहायचं हे कोण कसं ठरवतं? यातला एकही प्रश्न सर्व्हरवरच्या नोंदींवरून सुटत नाही. मोटारसायकल काढून फिरावं लागतं, बसावं लागतं, चहा नाकारता येत नाही. डेक्कन कॉलेजमध्ये असताना इरावती कर्वे महाराष्ट्रभर हिंडल्या, माणसांची मापं घेतली, नातेसंबंध लिहून घेतले. संगणकशास्त्राच्या माणसाने त्यांच्याकडून शिकायला लाजण्याचं कारण नाही. तुझा विषय बदल असं मी म्हणत नाही. पण पुण्यातल्या आयटी पार्काच्या गेटवर परवानगीसाठी सहा महिने उभं राहण्यापेक्षा हे जवळ आहे, एवढं ध्यानात ठेव.

कंपनीत शिरता आलंच तर चांगलं. पुण्यात टाटांनी 1981 मध्ये संशोधन केंद्र काढलं, टीआरडीडीसी, टीसीएसच्या फकिरचंद कोहलींच्या पुढाकाराने. उद्योगातले प्रश्न आणि संशोधन एका छताखाली आणायचं हा त्यामागचा विचार होता. बाहेरच्या विद्यार्थिनीला मात्र कुठलीही कंपनी ग्राहकाचा कोड दाखवणार नाही. तोंडी 'हो' वर एक दिवसही काम करू नकोस. काय बघायचं, काय छापायचं, कंपनीचं नाव घालायचं की नाही आणि निष्कर्ष त्यांना आवडला नाही तर काय, हे पहिल्या दिवशी कागदावर आण. शेवटच्या मुद्द्यावर ते अडतील. तिथे तू अड.

आता तुझ्या पहिल्या प्रकरणातलं एक वाक्य: 'उत्तम प्रोग्रामर सामान्य प्रोग्रामरपेक्षा दहा ते अठ्ठावीस पट उत्पादक असतो हे संशोधनाने सिद्ध झालं आहे.' खाली संदर्भ एका 2010 नंतरच्या पुस्तकाचा. तो अठ्ठावीसचा आकडा 1968 च्या सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांच्या लेखातला आहे. तो अभ्यास प्रोग्रामरांमधला फरक मोजण्यासाठी केलेलाच नव्हता. यंत्रासमोर बसून चुका शोधाव्यात की काम आत देऊन उत्तराची वाट बघावी, याची तुलना होती. अनुभवी प्रोग्रामर बारा. त्यांना दिलेल्या एका कामात सगळ्यात जलद आणि सगळ्यात संथ माणसाच्या चुका शोधायच्या वेळांचं ते गुणोत्तर. आणि त्या दोघांची कामाची रीत सारखी नव्हती. डिकी यांनी 1981 मध्ये आणि लुट्झ प्रेखेल्ट यांनी 1999 मध्ये हे उलगडून दाखवलं. तरी आकडा जिवंत आहे, कारण जो तो आधीच्या पुस्तकावरून उतरवतो. चुका उशिरा सापडल्या तर दुरुस्ती शंभरपट महाग, हे तुझं पुढचं वाक्यही असंच तपास. 2016 मध्ये टिम मेन्झीस आणि सहकाऱ्यांनी 171 प्रकल्पांच्या नोंदींत ते शोधलं, त्यांना तसा परिणाम दिसला नाही. शंभरपट कधीच नसतं असं त्यावरून म्हणू नकोस. त्या प्रकल्पांत नव्हतं, एवढं म्हण. मूळ लेख हातात घेतल्याशिवाय एकही आकडा प्रबंधात घालू नकोस. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाला नाही तर लेखकाला मेल कर, बहुतेक लोक आनंदाने पाठवतात.

फॉर्म टाकूनच द्यायचा का? नाही. तो आधी चार जणांकडून, तुझ्या समोर बसवून, मोठ्याने बोलत भरून घे. 'उत्पादकता' शब्दाशी पोचल्यावर ते काय काय समजतात ते ऐक. एक म्हणेल तिकिटं बंद होणं, दुसरा म्हणेल रात्री लवकर घरी जाणं. मग मत विचारायचं थांबव आणि घडलेलं विचार: 'मागच्या आठवड्यात एआयने दिलेला कोड तुम्ही पूर्ण टाकून दिला असं झालं का? कशासाठी दिला होता?' लोक कशाला काय म्हणतात हे शोधायला फॉर्म चांगला आहे, आणि तुझ्या प्रयोगाचा प्रश्न त्यातूनच निघू शकेल.

निष्कर्ष काय निघाला तर तुझं म्हणणं चुकीचं ठरेल, ते माहिती गोळा करण्याआधी लिहून, तारीख घालून गाइडकडे देऊन ठेव. नंतर आकडे हातात आल्यावर माणूस फार चतुर होतो.

सिनॉप्सिसची पहिली दोन पानं बदलून पाठव. मथळा राहू दे हवा तर, विद्यापीठाला मथळे लांबच लागतात. त्याखाली प्रश्न एका वाक्यात लिही, मघाच्या चार जागा भरून. आरआरसीच्या आधी एक रविवार इकडे ये, बसू. मामी मोसंबी काढून ठेवणार आहे म्हणते.

ताई-भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा

ता. क. फॉर्मच्या सुरुवातीला तू नाव, कंपनी आणि ईमेल सक्तीचं केलं आहेस, आणि त्याच पानावर 'तुमची ओळख गुप्त राहील' असंही लिहिलं आहेस. ते तिन्ही रकाने काढून टाक. आतापर्यंत ज्यांनी भरलं आहे त्यांना आज रात्रीच तसं कळव, आणि मग त्यांचे ईमेल उतरवून न ठेवता खोडून टाक.